बंब (पाणी तापविण्याचा)

स्नानाचे पाणी तापविण्याचे तांब्याचे किंवा पितळेचे घरगुती उपकरण. उभट, गोल टाकीच्या मधोमध तळापासून माथ्यापर्यंत आरपार गेलेली रुंद नळी व तिच्या बुडाशी बसविलेली लोखंडी जाळी ही त्याची मुख्य अंगे असून, जळण नळीत जळते आणि पाणी नळीभोवतीच्या पोकळीत राहते. विस्तव चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला असल्यामुळे चुलीवरच्या हंड्यापेक्षा उष्णता कमी वाया जाते. शिवाय नळी धुराड्याचेही काम करते, म्हणजे तापलेली हवा वर चढताच जाळीखालून ताजी हवा ओढली जाते व एकदा जाळ धरल्यावर फुंकणीची गरज सहसा उरत नाही. रशियातील सामोवार हे चहाचे पात्र याच तत्त्वावर चालते, परंतु तेवढ्यावरून दोहोंचा ऐतिहासिक संबंध मानणे योग्य नव्हे.

पेटविणे : प्रथम पाणी भरावे, मगच विस्तव करावा, हा क्रम मोडता येत नाही. जाळीवर कागद किंवा नारळाच्या शेंड्या, त्यांवर ढलप्या वा करवंट्यांचे तुकडे घालून खालून पेटवितात आणि जाळ धरल्यावर वरच्या तोंडातून लाकडाचे तुकडे, गोवऱ्या किंवा कोळसा थोडा थोडा टाकतात. नळी ठासून भरल्यास हवेची वाट कोंडून बंब धुमसतो. ओल्या सरपणाची बरीच उष्णता त्यातीलच पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. २० लिटर पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सिअसने वाढविण्यास सुमारे २.१ मेगाज्यूल उष्णता लागते व कोरड्या लाकडाच्या एका किलोग्रॅममधून साधारण १५ मेगाज्यूल मिळते, म्हणजे हिशेबाने दीडशे ग्रॅमच्या आत लाकूड पुरावे. प्रत्यक्षात ते याहून बरेच अधिक जळते. जाळीत राख साचली की ओढ मंदावते, म्हणून ती वेळोवेळी झाडतात. कोळशाचा बंब बंद न्हाणीघरात पेटविणे कार्बन मोनॉक्साइड या गंधहीन विषारी वायूमुळे प्राणघातक ठरू शकते.

घडण : पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी तांब्याच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पत्रा ठोकून त्यावर ठोक्यांची एकसारखी नक्षी उमटविण्याच्या कामास मठारकाम म्हणतात. त्याने पत्र्याला झळाळी येते, तसाच ताठपणाही येतो, आणि जुन्या बंबाचे मोल ठरविताना वास्तविक हेच आधी पाहावयास हवे. तांब्याची उष्णतावाहकता पितळेच्या सुमारे तिप्पट असल्याने निदान नळी तरी तांब्याची असणे इष्ट. कथील-शिशाचा डाख, म्हणजे सांधे जोडण्याचा मिश्रधातू, प्रमाणानुसार १८३ अंशांपासूनच वितळू लागतो. पाणी असेपर्यंत सांधा १०० अंशांच्या आसपास राहून टिकतो, पण रिकामा बंब पेटल्यास तो सुटून गळती लागते. जड पाण्याने आत साचणारा क्षारांचा थर उष्णता अडवितो. बाहेरून बंब चिंच व राखेने घासतात.

सण : नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानासाठी बंब पहाटेपूर्वी पेटविण्याची अनेक घरांत रीत होती.

सद्यःस्थिती : शहरांत गॅस व विजेच्या गिझरने बंबाची जागा घेतली आहे, आता पोलादी पत्र्याचेही बंब मिळतात.