ग्लूटेन-फ्री केक-बिस्किटं आणि वजन : श्रेय नेमकं कुणाचं?

"डॉक्टर, गहू पूर्ण बंद केलाय. केक-बिस्किटंसुद्धा घरीच ग्लूटेन-फ्री करते. आता वजन उतरेल ना?" हा प्रश्न हल्ली वारंवार ऐकू येतो. उत्तर देण्याआधी थोडा इतिहास पाहू. ज्या रुग्णांसाठी हा आहार शोधला गेला, त्यांची तक्रार अगदी उलटी होती. त्यांचं वजन काही केल्या वाढत नव्हतं!

ग्लूटेन म्हणजे काय?

मळलेल्या कणकेचा गोळा नळाखाली धरून चोळत राहा. पांढरं पाणी वाहून जातं आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. तेच ग्लूटेन, म्हणजे गव्हातली प्रथिनं. पाव फुगतो आणि केक जाळीदार होतो तो याच्याच जोरावर. जव आणि राय या धान्यांतही अशीच प्रथिनं असतात.

भात वर्ज्य, टोस्ट चालेल!

लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये एका आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. पोट फुगलेलं, हातपाय काटकुळे, वारंवार होणारे फिकट, दुर्गंधीयुक्त जुलाब, अशी ही मुलं. हा आजार बरा झाला तर आहारानेच होईल, हे गी यांनी ओळखलं. पण कोणत्या आहाराने? त्यांनी तांदूळ, साबुदाणा वर्ज्य सांगितले आणि पातळ काप करून दोन्ही बाजूंनी भाजलेला पाव मात्र चालेल म्हटलं. आज आपल्याला ठाऊक आहे की नेमकं उलटं हवं होतं. त्यांचा एक लहान रुग्ण रोज भरपूर डच शिंपले खाऊन सुधारला होता. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि तो पुन्हा आजारी पडला.

मान केळ्याला मिळाला

१९२४ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांचा आहार दिला. मुलं खरोखर सुधारली. पुढे अनेक वर्षं केळं हेच या आजारावरचं औषध मानलं गेलं. पण हास यांच्या आहारात पाव आणि बिस्किटं बंद होती. गुण आला तो गहू पोटात न गेल्यामुळे, आणि मान मिळाला केळ्याला! हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खरा धागा सापडला तो नेदरलँड्समध्ये. हेग शहरातले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भीषण उपासमार झाली. पाव मिळेना, लोकांनी ट्यूलिपचे कंद खाऊन दिवस काढले. अशा काळात ही आजारी मुलं मात्र बरी राहिली आणि पाव परत आल्यावर त्यांचा आजारही परतला. डिके यांनी १९५० मध्ये यावर प्रबंध लिहिला. त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या शौचातली चरबी मोजून दाखवलं, की गहू दिला की अन्नातली चरबी शोषली न जाता बाहेर पडते.

या आजाराला आपण सिलिअ‍ॅक म्हणतो. त्यात ग्लूटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर खराब होतं. गहू बंद केला की आतडं भरून येतं, अन्न अंगी लागतं आणि वजन वाढतं. म्हणजे ग्लूटेन-फ्री आहार हा वजन उतरवण्याचा आहार कधीच नव्हता.

मग काहींचं वजन उतरतं कसं?

गहू बंद केला की खारी, टोस्ट, बिस्किटं, वडापाव, पिझ्झा, सामोसे सगळंच बंद होतं. वजन उतरतं ते यामुळे, आणि श्रेय मिळतं ग्लूटेनला. केळ्याचीच गोष्ट पुन्हा! मग तीच बिस्किटं ग्लूटेन-फ्री होऊन डब्यात परत येतात आणि वजनही परत येतं.

एक साधा हिशोब करू. १०० ग्रॅम नाचणीचं पीठ, ६० ग्रॅम तूप, ६० ग्रॅम गूळ अशी नानकटाई केली. पिठाच्या साधारण ३३०, तुपाच्या ५४० आणि गुळाच्या २३० मिळून ११०० कॅलरी झाल्या. आता नाचणीऐवजी मैदा घेतला, तर पिठाच्या होतील सुमारे ३५०. फरक जेमतेम २० कॅलरींचा! पण तूप ६० ऐवजी ४० ग्रॅम घेतलंत, तर १८० कॅलरी वाचतात. आपले अनारसे आणि बेसनलाडू तर पिढ्यान्‌पिढ्या ग्लूटेन-फ्रीच आहेत. ते खाऊन कुणी बारीक झाल्याचं ऐकलंय का?

घरी करायचंच असेल तर

• ज्वारी, बाजरी, नाचणी वापरा. त्यांत १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, थोडक्यात पोट भरतं. विकतच्या ग्लूटेन-फ्री पिठांत बरेचदा तांदळाचं पीठ, बटाट्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च असतो. त्यांत तंतू कमी. त्यापेक्षा घरची चाळण न केलेली कणीक बरी.
• ग्लूटेन नसलं की बिस्किट भुसभुशीत होतं. ते सावरायला तूप वाढवू नका, दोन-तीन चमचे दूध किंवा दही घाला.
• गूळ, मध, खजूर म्हणजे शेवटी साखरच. मोजून घाला.
• लहान आकार करा. दोन ताटलीत घ्या आणि डबा बंद करा.

हे मात्र विसरू नका

वारंवार जुलाब, पोट फुगणं, गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षय, मुलाची खुंटलेली वाढ असं काही असेल, तर गहू बंद करण्याआधी सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी करून घ्या. आधीच गहू सोडला तर आजार असूनही तपासणी खोटी निर्दोष येऊ शकते. वजन जास्त आहे म्हणून हा आजार नसेलच, असंही समजू नका.

निदान झालं असेल, तर पथ्य जन्मभराचं आणि काटेकोर हवं. गिरणीत गव्हानंतर लगेच दळलेली ज्वारी चालत नाही, कारण दगडाला लागलेली कणीक त्यात उतरते. शक्यतो घरीच दळा. बाजारातल्या बांधानी हिंगातही बरेचदा गव्हाचं पीठ असतं, पाकीट वाचून घ्या.

आजार नसेल, तर दोन पोळ्यांना घाबरण्याचं कारण नाही. वजन उतरवायचं असेल, तर लक्ष ठेवायचं ते तूप, साखर आणि हातात धरलेल्या डब्यावर.