वारली चित्र: हाताचं की छापाचं?

परवा हरसूलच्या बाजारात एकाने वारली चित्राचं कापड पुढे धरलं. "भाऊ, हे ओरिजिनल आहे ना?"

मंडळी, मुळात हे चित्र विकायचं नव्हतंच. लग्नघरी सवाशिणी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायच्या, मधे पालघट देवी. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींनी डहाणूकडच्या पाड्यांवर कागद नेला. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे कागदावर काढू लागले, २०११ ला पद्मश्री झाले. मागणी वाढली, तसे छापही आले.

ओळखायचं कसं? चित्रातली दोन माणसं निरखून बघा. छापात ती अनेकदा तंतोतंत सारखी असतात. हाताच्या कामात काडीची रेघ कुठे जाड, कुठे बारीक, रंग कुठे दाट, कुठे फिका. तेच चित्र दुकानात चारदा दिसलं, की समजून जा.

छाप घेणं गुन्हा नाही. पण छापाला छापाचीच किंमत द्या. तो हाताचा म्हणून खपला, की दिवसभर वाकून काढणाऱ्याची मजुरी बुडते. भौगोलिक मानांकन मिळालंय, पण नुसत्या कागदाने चूल पेटत नाही. घेताना एवढंच विचारा: कोणी काढलं, कुठल्या पाड्यावर?