डूख धरणाऱ्या नागिणीची कुळकथा

नागपंचमीला नांगर धरायचा नाही, चिरायचं-कापायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. का, तर त्याची कहाणी आहे. शेतकऱ्याच्या फाळाखाली नागिणीची पिल्लं मरतात. ती चवताळून त्याचं घरदार डसून संपवते आणि उरलेल्या लेकीला डसायला तिच्या सासरी जाते. तिथे लेक पाटावर नाग काढून दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवत बसलेली! नागिणीचा राग विरघळतो, ती अमृत देते आणि लेकीचं माहेर पुन्हा उठून बसतं.

हिंदी सिनेमाने यातला डूख तेवढा उचलला, तोही थेट कहाणीतून नाही. राजकुमार कोहली यांच्या 1976 च्या ‘नागिन’ची बीजकथा फ्रान्सहून आली, असं सांगतात: फ्रान्स्वा त्रुफोचा 1968 चा ‘द ब्राइड वोअर ब्लॅक’, आणि त्याच्याही मागे कॉर्नेल वूलरिचची 1940 ची त्याच नावाची कादंबरी. लग्नाच्या दिवशीच नवऱ्याला गोळी लागते आणि नवरी एकेकाला गाठून मारते. कोहलींनी नवरीच्या जागी इच्छाधारी नागीण आणली. रीना रॉय नागीण, जितेंद्र नाग. आणि सुनील दत्त, फिरोज खान, कबीर बेदी वगैरेंची मित्रमंडळी. नाग बाईला डसणार, अशा गैरसमजातून एक जण गोळी झाडतो.

म्हणजे फाळ काय, फ्रेंच बंदूक काय आणि ही गोळी काय, तिन्हीकडे मूळ अपराध न कळत झालेला. फरक एवढाच, की कहाणीतल्या नागिणीला माफ करता येतं.

सिनेमातला सगळ्यात पक्का बसलेला प्रसंग डोळ्यांचा. मेलेल्या नागाच्या डोळ्यांत नागिणीला मारेकऱ्यांचे चेहरे दिसतात. ही समजूत गावोगाव होतीच, म्हणून तर साप मारल्यावर त्याचं डोकं ठेचतात. पण सिनेमाने तिला जणू फोटोच जोडला! सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, म्हणून त्याची नजर रोखल्यासारखी वाटते. त्या नजरेत चेहरा साठत नाही आणि सापाला सूड कळत नाही, हे सर्पमित्र सांगून थकले.

‘नागिन’ जोरात चालला. तमिळमध्ये 1979 साली ‘नीया’ नावाने पुन्हा झाला. त्याच वर्षी कोहलींनी ‘जानी दुश्मन’ काढला. त्यातलं केसाळ श्वापद लाल जोड्यातल्या नवऱ्या मुली पळवायचं. आज त्याचा मुखवटा पाहून हसूच येतं.

खेड्यात हे भय थिएटरपेक्षा जास्त पोचवलं ते व्हिडिओने. संभाजीनगरहून पैठणला जाताना चौदाव्या किलोमीटरवर चितेगाव लागतं. तिथे व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला आणि शेतीतून आलेली पोरं पाळीवर जाऊन रंगीत टीव्ही जोडू लागली. तो भाड्याच्या व्हीसीआरचा जमाना. वर्गणी काढायची, अंगणात संच मांडायचा आणि एका रात्रीत तीन पिक्चर उरकायचे. अशा रात्रींत हरमेश मल्होत्रांचा ‘नगीना’ (1986) हुकमी.

गंमत अशी, की ‘नगीना’तली श्रीदेवीही सूड घ्यायलाच आलेली असते. पण ज्याला डसायचं त्याच्याच प्रेमात पडून ती डूख सोडते आणि त्याच्यासाठी अमरीश पुरींच्या भैरवनाथाशी भिडते. माझ्या मते हा चित्रपट ‘नागिन’पेक्षा कहाणीच्या जास्त जवळचा. लोकांच्या लक्षात मात्र भिंगं घातलेले तिचे डोळे आणि बीनवरचा नाच राहिला. सापाला बाहेरचे कान नसतात. तो गारुड्याच्या हातातली हलती बीन बघून डोलतो. आणि 1954 च्या ‘नागिन’मधली ती प्रसिद्ध बीन तरी कुठे खरी होती? कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन आणि रवींनी हार्मोनियम वाजवून तो आवाज काढला होता.

चितेगावच्या कंपनीचं प्रकरण 2018 मध्ये दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेलं. नागिणीचं दुकान मात्र चालूच आहे. 2015 पासून कलर्स वाहिनीवर ती पर्वामागून पर्व डूख धरते आहे.