दृष्टीची फिर्याद

बेलापूरच्या खाडीकाठचा दिवाळ्याचा कोळीवाडा १९७० साली सिडकोची स्थापना होऊन भोवती नवे शहर उभे राहण्याच्या कितीतरी आधीचा. आणि अशा खाजणांच्या मुलखात हिवताप ही नित्याची आपत्ती होती त्या काळी, इंग्रज सरकारने डाकघरांतून विकण्याची तजवीज केलेली क्विनाइनची पुडी हाच रयतेचा मोठा आधार होता. त्या कडू पुडीची मात्रा अतिरिक्त झाली की कान गुणगुणतात, दृष्टी मंदावते, क्वचित अंधत्वही येते, हे वैद्यकास ठाऊक होते; परंतु त्यापायी कोणाची दृष्टी गेली याची हकीकत रुजू करून घेणारे देशव्यापी दप्तर मात्र नव्हते.

असे दप्तर पाश्चात्त्य देशांनी मांडले तेही थॅलिडोमाइड या औषधाने गर्भातील अर्भकांना व्यंगे आणल्याच्या अनर्थानंतर. ब्रिटनने १९६४ मध्ये डॉक्टरांनी औषधाचा संशयित दुष्परिणाम कळवण्याची पिवळ्या कार्डाची पद्धत घातली, आणि तरीही प्रॅक्टोलॉल या हृदयविकारावरील औषधाने डोळे कोरडे पडून बुबुळावर व्रण होतात, हे उजेडात यायला १९७५ साल उजाडले. ते उजेडात आणले लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयाचे नेत्रवैद्य पीटर राइट यांनी. त्यांच्या लेखानंतर मग, आधी कोणी न कळवलेल्या तक्रारींचा ओघ सुरू झाला.

आपल्याकडे परळचे केईएम रुग्णालय १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या दुष्परिणाम-नोंदणीच्या कार्यात सामील झाले, २०१० मध्ये राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रम निघाला आणि पुढील वर्षी त्याची सूत्रे गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे गेली. डॉक्टरांप्रमाणे रुग्णासही आता तेथे इतल्ला देता येते.

परंतु मला खरी चिंता वाटते ती एथाम्ब्युटॉलची. क्षयरोगाच्या दैनंदिन उपचारात हे औषध बहुधा सहाही महिने चालते, आणि थोड्या रुग्णांत दृष्टीच्या मज्जातंतूस बाधते : दोन्ही डोळ्यांना अंधुक दिसते, तांबड्या-हिरव्याचा भेद कळेनासा होतो. वेळीच औषध थांबवले तर दृष्टी बहुधा परतते. आणि वयाचा दोष म्हणून तक्रार दाबणारा रुग्ण नेमका तोच वेळ गमावतो. स्टिरॉइडने वाढणारा नेत्रदाब तर पुष्कळदा कसलीही वेदना न देता दृष्टी हिरावून नेतो.

म्हणून वाचकहो, औषध आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांस त्वरित सांगा, आणि औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर औषधाचे नाव, मात्रा, आरंभाची तारीख व डोळ्यांचे लक्षण नोंदवा.