खोटी साक्ष

गेल्या जूनमध्ये नातवाच्या कॉलेज प्रवेशासाठी जातीच्या दाखल्याचं काम निघालं. आम्ही राहतो कामोठ्यात. पण असा दाखला मूळ गावच्या तालुक्यातून काढावा लागतो आणि त्याला वाडवडिलांचा जुना पुरावा लागतो. म्हणून मी राहुरीकडच्या आमच्या गावी जाऊन वडिलांचा शाळेचा उतारा घेऊन आलो. परत आल्यावर सेक्टरातल्या झेरॉक्सवाल्या पोराला तो दाखवला. त्यानं ‘धर्म व जात’ या रकान्यावर बोट ठेवलं. तिथं शाईनं लिहिलेलं होतं, ‘ख्रिस्ती’.

“काका, इथंच घोटाळा आहे. तुमच्यात कुणाच्या उताऱ्यावर हिंदू महार नाही का?”

होता. चुलत्यांच्या उताऱ्यावर होता. पोरगा हसून म्हणाला, “मग तोच लावा की! पोराचं कल्याण होईल. कोण बघतंय?”

पोरगा वाईट नाही. चार लोकांची कामं करून देतो. पण “कोण बघतंय” हे शब्द ऐकले आणि मला आजीची आठवण झाली.

आमच्या नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन 1831 साली आलं. पुढं महारवाड्यांतून पुष्कळ घरं ख्रिस्ती झाली. आजीचे सासरे, म्हणजे माझे पणजोबा, 1899-1900 च्या मोठ्या दुष्काळानंतर ख्रिस्ती झाले. गाव म्हणायचं, पोटासाठी बाटले. आजी हे नाकारायची नाही. ती म्हणायची, “भुकंनं गेलो आसू बाबा. पन नंतर सुकाळ आला, तवा का माघारी फिरलो न्हाई, ते कोन इचारीत न्हाई.”

ख्रिस्ती झाल्यावर पणजोबांनी मेलेली गुरं ओढणं सोडलं, दारू सोडली. तेवढ्यावर गाव कुरकुरलं, पण गप्प राहिलं. खरं भांडण पेटलं ते बांधावरून. गावच्या शिवा आणि बांध ठाऊक असणारा माणूस म्हणजे महार. जमिनीच्या तंट्यात त्याची साक्ष मोलाची मानत. दोन मातब्बर घरांत बांधाचा वाद लागला. त्यातल्या एकानं रातोरात दगड सरकवला होता आणि पणजोबांना ते माहीत होतं. त्यानं निरोप धाडला, दगड पहिल्यापासून इथंच होता एवढं सांग, दोन पोती जोंधळा घरपोच येईल. पणजोबा नुकतेच दहा आज्ञा पाठ करत होते. त्यांत खोट्या साक्षीची आज्ञा आहे. ते चावडीवर गेले आणि दगड जिथं होता तिथंच दाखवला.

दुसऱ्या दिवसापासून बलुतं बंद झालं. कुणी कामाला बोलवेना, वाणी मीठ देईना. महारवाड्याच्या आडात कुणीतरी मेलेलं कुत्रं टाकलं. आपलीच भावकी म्हणाली, “तुझ्या देवापायी आमचं बी पानी गेलं.” सहा महिने घरातल्या बाया मुळेच्या वाळूत झिरा उकरून, वाटीवाटीनं हंडा भरून पाणी आणत होत्या. आजी तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली, दहा-अकरा वर्षांची. तिच्या डोक्यावरच्या चुंबळीची जागा म्हातारपणीही टक्कल पडल्यासारखी दिसायची.

छळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं तुरुंग आणि तलवारी येतात. आमच्याकडं तो असा आला. पाणी, मीठ, मजुरी आणि भावकीचं बोलणं.

आणि तो फक्त महारवाड्यातच आला असं नाही. कवी नारायण वामन टिळक चित्पावन ब्राह्मण. रेल्वेच्या प्रवासात एका सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. त्यांना मनातल्या मनात ख्रिस्त मानून गप्प राहता आलं असतं. पण 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला. घर मोडलं, आप्त तुटले. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढं दोघं राहुरीला होते. जात माणसानं केली, देवानं नाही, हे मनाला पटल्यावर लक्ष्मीबाई कुणाच्याही हातचं खाऊपिऊ लागल्या आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं त्यांनी रडगाणं न गाता लिहिलं आहे. त्या ब्राह्मण बाईचा सोवळ्याचा हट्ट आणि आमच्या आजीचा झिरा एकाच तालुक्यातला. आजीला वाचता येत नव्हतं. मी तिला ते पुस्तक वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “तिला तरी इचाराया येळ मिळाला.”

आता रकान्याची गोष्ट. 10 ऑगस्ट 1950 रोजी अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्यानं ख्रिस्ती झालेल्या दलिताला यादीबाहेर ठेवलं. 1956 साली शिखांना आत घेतलं, 1990 साली बौद्धांना. ख्रिस्ती बाहेरच राहिले. वडील 1951 साली हायस्कुलात गेले तेव्हा हेडमास्तर भल्या मनानं म्हणाले, “हिंदू महार लिहितो, फी माफ होईल. रविवारी कुठं जातोस ते मी विचारत नाही.” वडील घरी आले. आजी चुलीपाशी होती. तिनं सासऱ्यांची बांधाची गोष्ट पुन्हा सांगितली आणि म्हणाली, “आता तुझं तू बघ.”

वडिलांनी ‘ख्रिस्ती’ लिहायला सांगितलं. फी भरता भरता नववीत शाळा सुटली आणि जन्म उसाच्या वजनकाट्यावर गेला. धाकट्या चुलत्यांनी ‘हिंदू महार’ लिहिलं. ते शिकले, सरकारी नोकरीतून रिटायर झाले. माझी शाळेची फी कैक वेळा त्यांनीच भरली. वडिलांनी त्यांना कधी नाव ठेवलं नाही. म्हणायचे, “तो खोटं बोलला न्हाई. जात काय पुसली व्हती का कुनी? गाव अजून महारच म्हनतंय.” वाड्यातली काही घरं 1956 नंतर बौद्ध झाली. एकाच आडाचं पाणी प्यायलेल्या माणसांचे तीन तऱ्हेचे कागद झाले.

म्हणून मला चुलते खोटे आणि वडील खरे असं म्हणता येत नाही. खरं सांगितलं की शिक्षा होईल असा कागद केला, खोट तिथं आहे. दोन हजार बावीस साली केंद्रानं या प्रश्नावर न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. पण नातवाचा प्रवेश त्यासाठी थांबणार नव्हता. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना आपल्या राज्यात ओबीसीत जागा आहे. सवलत कमी पडते, पण त्या कागदावर खरं लिहिता येतं.

रात्री गॅलरीत बसून नातवाला हे सगळं सांगितलं. समोर इमारतींचे दिवे. जिथं हा सेक्टर उभा आहे तिथं पूर्वी आगरी मंडळींची भातशेती होती. बांध इथंही होते, आता कुठले दिसणार! मी म्हटलं, “पैसे कमी पडतील. तुझ्या आयुष्याचा प्रश्न आहे, मी जबरदस्ती करणार नाही.”

तो बराच वेळ मोबाइलवर फीचे आकडे बघत होता. मग म्हणाला, “आजोबा, तुमच्या आजीनं तुमच्या वडलांना जे सांगितलं तेच तुम्ही मला सांगताय. आता तुझं तू बघ.”

“होय,” मी म्हटलं.

सकाळी तो स्वतः झेरॉक्सवाल्याकडं गेला. वडिलांच्या उताऱ्याच्या तीन प्रती काढून आणल्या. येताना बँकेतून शैक्षणिक कर्जाचा फॉर्मही आणला होता.