सुरक्षा तपासणीची तयारी : आपल्या नव्या कारखानदारांसाठी

एमआयडीसीत आता आपल्या तरुणांचेही कारखाने उभे राहत आहेत. बाबासाहेब 1942 ते 1946 मध्ये मजूरमंत्री होते; कारखान्यातील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारे विधेयक त्यांनीच मांडले. त्यांचा फोटो कार्यालयात लावणाऱ्या मालकाने सुरक्षा तपासणीकडे केवळ कटकट म्हणून पाहू नये, असे आम्हाला वाटते.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी येण्याआधी हे पाहा :

• पट्टे, गिअर अशा फिरत्या भागांवर गार्ड आहेत का? काम लवकर उरकावे म्हणून काढलेला गार्ड आधी बसवा.
• बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे का? अग्निशामक कामगारांना चालवता येतो का?
• क्रेन, प्रेशर व्हेसल यांच्या तपासणीचे दाखले मुदतीत आहेत का?
• हजेरीपट, ओव्हरटाइम, अपघात यांच्या नोंदी रोजच्या रोज होतात का? एका रात्रीत लिहिलेली नोंदवही लगेच ओळखू येते.
• हेल्मेट, हातमोजे, गॉगल दिलेत का? त्यांचे पैसे पगारातून कापता येत नाहीत.
• पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी वेगळे स्वच्छतागृह, प्रथमोपचार पेटी आहे का?

कंत्राटी कामगारांनाही हे सर्व लागू आहे. त्यांत आपल्याच वस्त्यांतली मुले आहेत. तपासणीच्या दिवशी त्यांना सुट्टी देऊन लपवू नका.