भाव पडले की पाडले? ग्राफ वाचण्याची आपल्या जिल्ह्यातली जुनी गोष्ट

'कांद्याचे भाव पडले' आणि 'कांद्याचे भाव पाडले'. फरक एका कान्याचा. घोडेगावच्या मार्केटला गोण्या उतरवून आलेल्या कोणालाही तो समजावून सांगावा लागत नाही. पण हीच दोन वाक्यं इंग्रजीत लिहायला सांगा, आपल्याकडची हुशार पोरंसुद्धा अडखळतात. दोन्हीकडे 'द प्राइस फेल' असंच लिहून मोकळी होतात.

हा विषय निघायचं कारण आयईएलटीएस. बाहेरदेशी शिकायला जायचं तर बहुतेकांना ही परीक्षा द्यावी लागते. १९८९ पासून ती चालू आहे. तिच्या अ‍ॅकॅडमिक प्रकारात लेखनाचा पहिला प्रश्न असा असतो की एक ग्राफ किंवा तक्ता समोर ठेवतात आणि साधारण २० मिनिटांत किमान १५० शब्दांत तो शब्दांत मांडायला सांगतात. काय वाढलं, काय घटलं, कधी स्थिर राहिलं, एवढंच. का वाढलं ते विचारत नाहीत. उलट आपल्या मनाचं कारण घुसडलं तर उत्तर बिघडतं. परीक्षेपुरतं ते बरोबरच आहे, ग्राफमध्ये नाही ते लिहू नये. पण आपल्या नगर जिल्ह्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास बघितला, तर 'का' आणि 'कोणी' हे शब्द गाळून लिहिलेल्या आकड्यांनी काय काय झालंय ते कळतं. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आधी ग्राफ आला कुठून ते बघू. वर्षं आडवी आणि रुपये उभे मांडून त्यातून रेघ ओढायची ही युक्ती विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसाची. १७८६ साली त्याने लंडनमध्ये व्यापाराच्या आकड्यांचा एक अ‍ॅटलास काढला. त्यात ४४ आकृत्या होत्या, त्यातल्या ४३ काळाप्रमाणे चढत्या-उतरत्या रेघांच्या. तेव्हा पुण्यात सवाई माधवराव गादीवर होते आणि कारभार नाना फडणवीसांच्या हातात होता.

आता कोणी म्हणेल, म्हणजे आपल्याकडे चढ-उतार मोजायची भाषाच नव्हती? होती की! रेघ नव्हती, शब्द होते. पडीक जमीन लागवडीला आणायची असली की कौल देत. पहिल्या वर्षी सारा अगदी नावापुरता, मग दरसाल थोडा थोडा चढता, आणि ठरलेल्या मुदतीनंतर पूर्ण दर. या टप्प्याटप्प्याने चढणाऱ्या साऱ्याला 'इस्तावा' म्हणत. इंग्रजीच्या क्लासमध्ये 'ग्रॅज्युअल इन्क्रीज' म्हणून जे शिकवतात, ते आपल्या कुळांनी एका शब्दात सांगितलेलं होतं. आणि त्या शब्दात नुसती वाढ नव्हती, करार होता. कोण वाढवणार, किती वर्षांत वाढवणार, कुठे थांबणार, सगळं त्या कौलात आलं. मला हा शब्द फार आवडतो. तो वापरातून गेला याचं वाईट वाटतं.

धान्याच्या भावाची तर आणखी मजा आहे. तेव्हा भाव 'शेराला इतके रुपये' असा सांगत नसत, 'रुपयाला इतके शेर' असा सांगत. इंग्रजांनीही तीच रीत ठेवली. १८८४ साली निघालेलं नगर जिल्ह्याचं गॅझेटियर उघडा, ज्वारी-बाजरीचे भाव रुपयाला इतके पौंड असेच दिलेत. याचा ग्राफ काढून बघा. समजा ज्वारी रुपयाला २० शेरांवरून १० शेरांवर आली. रेघ निम्म्यावर उतरली, म्हणजे स्वस्ताई झाली का? नाही, ज्वारी दुप्पट महागली! दुष्काळाच्या वर्षी ही रेघ तळाला जायची आणि माणसं खडी फोडायला सरकारी कामावर जायची. म्हणून कोणताही ग्राफ हातात आला, की उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते आधी बघायचं. क्लासवाले हे सांगतातच, पण आपल्या आजे-पणज्यांना ते पोटावरून माहीत होतं.

आता या गोष्टीतला सगळ्यात मोठा चढ आणि सगळ्यात मोठा उतार. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. दख्खनच्या गावांतही पैसा खेळायला लागला. सावकार दारात येऊन कर्ज द्यायचे. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळला. त्याच सुमारास पहिल्या तीस वर्षांच्या जमाबंदीच्या मुदती संपत आल्या होत्या. फेरपाहणी झाली, ती तेजीच्या वर्षांकडे बघून. इंदापुरात १८६७ ला सुरुवात झाली आणि मग एकेका तालुक्यात सारा वाढत गेला. एक रेघ खाली, दुसरी वर, आणि दोन्हींच्या मध्ये कुणबी. सावकाराने हात आखडता घेतला, कोर्टात दावे आले, जमिनी जायला लागल्या.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात भडका उडाला. तो आपल्या जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, नगर तालुक्यांतल्या गावांपर्यंत आला. लोकांनी मुख्यतः काय जाळलं? कर्जखतं. माणसांच्या जिवावर फारसे उठले नाहीत, कागदावर उठले. सरकारने चौकशी कमिशन नेमलं आणि १८७९ ला शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला.

त्या काळच्या सरकारी इंग्रजीत 'भाव घसरले', 'सारा वाढला', 'कर्ज वाढलं' अशी वाक्यं जागोजागी भेटतात. व्याकरणात एकही चूक नाही. पण सारा काय आपोआप वाढतो? भाव बाजारात पडले असतील, सारा मात्र कोणीतरी वाढवला होता. १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तो वाचताना हाच फरक जाणवतो. तिथे प्रत्येक क्रियेला कर्ता आहे.

पुढची पायरी गोखल्यांची. नामदार गोखले मुळात गणिताचे मास्तर, त्यांचं अंकगणिताचं पुस्तक शाळांत चालायचं. २६ मार्च १९०२ ला ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बजेटवर पहिल्यांदा बोलले. सरकारच्या तिजोरीत सलग काही वर्षं शिल्लक पडत होती आणि सरकार ती भरभराटीची खूण म्हणून मिरवत होतं. गोखल्यांनी आकडे तेच घेतले आणि उलट वाचून दाखवले. देशात नुकताच १८९९-१९०० चा दुष्काळ होऊन गेलाय, तरी शिल्लक वाढते, याचा अर्थ लोक सुखी आहेत असा होत नाही, गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातोय असा होतो. चढती रेघ बघून टाळी वाजवायची नाही, हे अस्सल इंग्रजीत, इंग्रजांच्या समोर सांगणारा माणूस आपला होता.

त्यांच्याच नावाने १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. तिथल्या धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे नेमकं काय बदललं याची पाहणी केली, ती १९४८ ला छापली गेली. नुसतं पाणी आलं म्हणून उत्पन्न वाढलं असं न म्हणता, प्रत्यक्ष फायदा कोणता आणि अप्रत्यक्ष कोणता, हे वेगळं काढायचा तो प्रयत्न होता. हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विख्यांबरोबर प्रवरेच्या सहकारी कारखान्यात उभे राहिले. आपल्या सोनईचा मुळा कारखाना त्याच वाटेवरचा.

आता थोडं व्याकरण. परीक्षा देणाऱ्या पोरांनी हे वहीत लिहून घ्या. इंग्रजीत 'बाय' आणि 'टू' यांचा घोळ होतो, तो मराठीतून सोडवा. भाव 'शंभराने' वाढला म्हणजे बाय. भाव 'शंभरावर' गेला म्हणजे टू. नाम वापरलं तर 'भावात शंभराची वाढ'. यातला 'भावात'मधला त म्हणजे इन, आणि 'शंभराची'मधला ची म्हणजे ऑफ. विभक्ती नीट येत असेल तर निम्मी प्रिपोझिशनं आलीच. दुसरं, आपण '२०१५ पासून वाढतोय' म्हणतो, म्हणून पोरं 'इज इन्क्रीझिंग सिन्स' लिहितात. तिथे 'हॅज बीन इन्क्रीझिंग' हवं. आणि वेगासाठी इंग्रजीत क्रियापदाला 'शार्पली', 'स्टेडिली' अशी शेपटं जोडतात. आपली क्रियापदं वेग पोटातच घेऊन येतात. वधारला, कडाडला, घसरला, गडगडला, कोसळला. यांच्यासाठी इंग्रजीतही 'सोअर', 'प्लमेट' असे स्वतंत्र शब्द आहेत, तेही पाठ करा.

पण खरी अडचण सुरुवातीच्या त्या कान्याची. चढणे-चढवणे, उतरणे-उतरवणे, घटणे-घटवणे, पडणे-पाडणे, अशा जोड्या मराठीत प्रत्येक पावलाला आहेत. इंग्रजीत 'राइज' आणि 'रेझ' ही तशी एक जोडी उरलीय. भाव आपोआप चढला तर 'रोझ', कोणी चढवला तर 'रेझ्ड'. 'द प्राइस रेझ्ड' लिहिलं की मार्क गेला. 'इन्क्रीज' हे एकच क्रियापद दोन्ही कामं करतं. 'फॉल'ला मात्र चालू वापरातला जोडीदार नाही. भाव पाडला म्हणायचं तर 'वॉज ब्रॉट डाउन' किंवा 'वॉज पुश्ड डाउन' असं फिरवून लिहावं लागतं, आणि तरीही कोणी ते सांगायचं राहून जातं.

प्रत्येक वेळी भाव पाडलेलेच असतात असं मी म्हणणार नाही. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांद्याची आवक इतकी झाली की भाव खरोखर पडले होते. राज्य सरकारला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. तिथे 'फेल'च बरोबर. पण त्याच वर्षाचा पुढचा ग्राफ बघा. १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी आली, ती ४ मे २०२४ ला उठली, शुल्क मात्र राहिलं. ते पुढे २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला संपलं. शहरातल्या गिऱ्हाईकाला कांदा परवडावा म्हणून हे केलं, असं सरकारचं म्हणणं होतं, आणि त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण डिसेंबरात रेघ जिथे मोडली, तिथे कर्ता तारखेसकट हजर आहे. त्या जागी 'भाव घसरले' एवढंच लिहिणं म्हणजे १८६७ च्या सारावाढीला 'सारा वाढला' म्हणण्यासारखं आहे.

मुळा धरणाचं तेच. २६ टीएमसीचं धरण. पावसाळ्यात रोजचा आकडा आपण पोरांच्या मार्कांसारखा बघतो. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असला, की समन्यायी वाटपाच्या हिशोबात वरच्या धरणांतून पाणी खाली जातं. २०२३ ला तसंच गेलं. त्या आठवड्यातली मुळेची रेघ आयईएलटीएसच्या पेपरात आली, तर 'द लेव्हल फेल शार्पली' लिहा, पूर्ण मार्क मिळतील. मुळा उजव्या कालव्याच्या शेवटच्या चारीवरचा माणूस मात्र तो आकडा ऐकून विचारतो, किती सोडलं, कोणाच्या सहीने सोडलं, आणि आपलं आवर्तन आता कधी?